उंबराच्या पायाशी दोन नद्या

पंचगंगा आणि मी, दोघी एकाच गावाला निघालो होतो. कोल्हापूरच्या पश्चिमेला प्रयाग चिखलीपाशी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून ती पंचगंगा होते, शहराच्या घाटावरून पुढे सरकते आणि उसाच्या रानांतून वळणं घेत शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते. मी एसटीने निघाले होते, शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ या वाटेने. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. दत्तजयंतीची गर्दी ओसरली होती आणि कारखान्यांचा हंगाम जोरात होता. उसाने खच्चून भरलेले ट्रॅक्टर पुढे असले की गाडी हळू होई आणि खिडकीतून मळीचा आंबूस वास आत येई.

मला वाडीचा औदुंबर पाहायचा होता. लहानपणी घरच्यांबरोबर अनेकदा त्याच्या पारावर बसले होते. पण तेव्हा लक्ष पेढ्यांकडे आणि नदीकडे. या वेळी झाड पाहायचं आणि त्याच्याभोवती साचलेल्या गोष्टी त्याच जागी उभं राहून आठवायच्या, एवढंच ठरवलं होतं.

बसमध्ये शेजारी शिरोळच्या एक मावशी होत्या. वाडीला निघालेय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “नवस हाय व्हय?” नाही म्हटलं. “मग आसंच? आसंच जावं वो. मागायला तर सगळीच जात्यात.” शिरोळ आलं तशा त्या पिशवी सावरत उतरल्या.

शिरोळ हे नाव गुरुचरित्रात आहे. सरस्वती गंगाधरांच्या या ओवीबद्ध ग्रंथात नृसिंह सरस्वतींचं चरित्र आहे. वऱ्हाडातल्या कारंज्याला जन्मलेले, दत्ताचा अवतार मानलेले हे संन्यासी कृष्णाकाठी आले, भिलवडीसमोरच्या औदुंबरला एक चातुर्मास राहिले आणि नंतर पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षं. हा काळ चौदाव्या-पंधराव्या शतकातला. वाडीच्या औदुंबराखालची जी गोष्ट मला सगळ्यात खोल जाणारी वाटते, ती शिरोळच्या एका बाईची आहे. तिची मुलं जगत नसत. तिला संगमावर स्नान करून औदुंबराची सेवा करायला, त्याला प्रदक्षिणा घालायला सांगितलं गेलं. तिला मुलगे झाले. त्यातला थोरला मुंजीच्या वयाचा झाला आणि दगावला. लोक अंत्यविधीची घाई करू लागले, तर ती प्रेत सोडीना. तिने ते पोर औदुंबराखाली पादुकांपाशी आणलं, पादुकांवर डोकं आपटलं आणि ज्याने दिलं त्यालाच जाब विचारला. रात्री तिला स्वप्न पडलं, आणि मूल उठून बसलं.

गोष्टीचा शेवट चमत्काराचा आहे. माझं मन मात्र त्याआधीच्या रात्रीपाशी थांबतं. देवी, पटकी, ताप यांनी घरटी पोरं जात होती त्या काळात एका आईला रडायला, भांडायला, शोकाचा हिशेब मागायला एक जागा हवी होती. घरात ती मिळत नव्हती, गावात मिळत नव्हती. ती झाडाखाली मिळाली.

वाडीचा स्टँड सोडला की दुकानांची रांग लागते. पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी, कंदी, खडीसाखर, तुळशीच्या माळा. ती रांग संपते आणि उतार लागतो, मग एकदम खाली नदी. मंदिर घाटावरच आहे, आणि त्याला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथे परत आली आणि त्याने हे मंदिर बांधवलं, औरवाड-गौरवाड ही गावं इनाम दिली, अशी परंपरा आहे. म्हणून वास्तू सपाट माथ्याची, असंही लोक सांगतात. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. त्यांना मनोहर पादुका म्हणतात. औदुंबरच्या त्या विमल पादुका आणि गाणगापूरच्या निर्गुण पादुका. नृसिंह सरस्वती गाणगापूरला निघाले तेव्हा त्यांनी इथल्या पूजेचं काम आलास गावच्या भैरंभटांकडे दिलं, असं सांगतात, आणि आजचे पुजारी आपलं मूळ त्यांच्यापाशी नेतात.

औदुंबराची सावली मंदिरावर पडते. मी पाराला टेकून उभी राहिले आणि आधी फक्त झाड पाहिलं.

उंबर दिखाऊ झाड नाही. वडासारखा पारंब्यांचा पसारा नाही, पिंपळासारखी पानांची सळसळ नाही. खोड राखट, गाठाळ, जागोजागी फुगलेलं. फळं फांद्यांच्या टोकांना नसतात, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडतात, माणसाच्या हाताच्या उंचीला, कधी तर अगदी बुंध्यापाशी. हिरवी, पिवळसर, मग तांबडी. खाली पडलेलं एक पिकलं उंबर मी उचललं आणि नखाने फोडलं. आतली पोकळी बारीक बारीक तंतूंनी गच्च भरलेली, आणि त्यातून तिळाहूनही लहान काळसर कीटक भराभर बाहेर पडले. ते तंतू म्हणजेच उंबराची फुलं. उंबराचं फूल मध्यरात्री फुलतं आणि ज्याला दिसेल त्याचं भाग्य उजळतं, असं घरोघरी सांगतात. ते कुणाला दिसत नाही, कारण फळ म्हणून आपण जे पाहतो त्याच्या आतच ते बंद असतं. एक विशिष्ट जातीची इवलीशी गांधीलमाशी, शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, फळाच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, परागकण पोचवते, अंडी घालते आणि बहुधा तिथेच मरते. तिच्या पिलांचा जन्म आत होतो. तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही, आणि उंबरावाचून तिची जात उरत नाही. या माशीची साखळी तुटू नये म्हणून उंबराला वर्षातून अनेकदा बहर यावा लागतो, आणि म्हणूनच इतर झाडं रिकामी असतात त्या दिवसांतही पाखरांना, वटवाघळांना, माकडांना, खारींना उंबराखाली काहीतरी मिळतं.

फळाचा तो चुरा हातात असताना मला नरसिंहाची गोष्ट आठवली. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर त्याच्या पोटातलं कालकूट नरसिंहाच्या नखांत भिनलं आणि नखांचा दाह होऊ लागला. लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली, नरसिंहाने त्यात नखं रुतवली आणि आग शमली. तेव्हा त्याने या झाडाला वर दिला. नृसिंह सरस्वतींनी राहायला औदुंबरच का निवडला, याचं उत्तर म्हणून ही कथा गुरुचरित्रात येते. आता ती घरातल्या माहितीशेजारी ठेवून पाहावी. आमच्या भागात पोराला गोवर आला, अंगात उष्णता फार झाली की उंबराचं पाणी देत. उंबराचं एक मूळ उकरायचं, टोकाला छाटायचं, त्याला मडकं बांधून रात्रभर ठेवायचं. सकाळी मडक्यात पाणी जमलेलं असतं. आयुर्वेदातही उंबर शीत गुणाचा. आग शमवणारं झाड हे ज्ञान आधी होतं. नरसिंहाची नखं त्या ज्ञानाला मिळालेली गोष्ट आहे. औषधाची कृती चार जणींना ठाऊक असते आणि त्यांच्याबरोबर जाते. गोष्ट जात नाही.

तेवढ्यात पारावर माझ्या शेजारी एक आजी येऊन टेकल्या. सोलापूर जिल्ह्यातून आल्या होत्या. त्यांच्या प्रदक्षिणा सकाळपासून सुरू होत्या आणि त्या दमल्या होत्या. पदराच्या ओटीत शेंगदाणे. दर फेरीला एक दाणा उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. डावी भरली की दाणे ओटीत परत आणि बोटाच्या पेरावर एक खूण. मी विचारलं, मंदिराला घालता की झाडाला? त्यांना प्रश्नच कळेना. “म्हाराज झाडातच की,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “आमच्या बांधाला पण हाय उंबर. मालकांनी कदी हात लावला नाही त्येला. भाऊ म्हणत व्हता, सावलीनं पीक जातंय, काडू या. मालक म्हणालं, पीक जाऊ दे.”

तीन हजार वर्षांपूर्वीचे यज्ञकर्ते या आजींशी सहमत झाले असते. वैदिक वाङ्मयात उंबर म्हणजे ऊर्ज, अन्नातून येणारं बळ. सोमयागात सदस नावाच्या मंडपात मधोमध उंबराचा खांब उभा करत आणि त्याला औदुंबरी म्हणत. ऐतरेय ब्राह्मणातल्या शुनःशेपाच्या आख्यानात इंद्र रोहिताला चालत राहायला सांगतो, तेव्हा चालणाऱ्याला काय मिळतं याच्या यादीत मधाशेजारी गोड उंबर येतं. रानातून भुकेल्या पोटी जाणाऱ्याला वाटेत हमखास काय मिळेल, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते रचलं. पुढे वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्याचा अध्याय लिहिला, त्यात कोणत्या झाडापासून किती अंतरावर झरा लागेल याची गणितं आहेत, आणि उंबर त्या झाडांत आहे. आजही विहीर पाडायची तर जुनी माणसं उंबर कुठे आहे ते आधी बघतात.

अन्न आणि पाणी. गुरुचरित्रात नृसिंह सरस्वती गाणगापूरला निघतात तेव्हा त्यांना रोज भिक्षा घालणाऱ्या इथल्या चौसष्ट योगिनी व्याकूळ होतात. ते त्यांना सांगतात की मी या औदुंबरातच आहे, आणि झाडापाशी दोन देवतांची स्थापना करतात: अन्नपूर्णा आणि जान्हवी. एक अन्नाची, एक पाण्याची. ही नावं मी पूर्वी कितीदा ऐकली होती. पण तांबड्या घोसांनी भरलेलं खोड समोर, खाली दोन नद्यांचं पाणी, आणि मग ती नावं मनात आली, तेव्हा ती झाडाच्या वर्णनासारखी वाटली.

उन्हं डोक्यावर आली तशी मी घाट उतरले आणि नावेत बसले. नावाड्याचे वडील, आजोबा याच पाण्यावर. त्याने नाव संगमाच्या तोंडाशी नेली. पश्चिमेकडून येणारी पंचगंगा गढूळ आणि मंद, उत्तरेकडून येणारी कृष्णा रुंद, तिचा ओघ जाणवणारा. पलीकडे औरवाड. गुरुचरित्रातलं अमरापूर ते हेच मानतात. तिथे अमरेश्वराचं देऊळ आहे, आणि चौसष्ट योगिनींची वस्ती तिथली. योगिनी रोज मध्यान्ही पाण्यातून येत आणि स्वामींना भिक्षेसाठी घेऊन जात, तेव्हा नदी दुभंगून वाट देई. हे काठावरच्या गंगानुज नावाच्या एका साध्या माणसाने पाहिलं आणि तो मागोमाग गेला. रागावण्याऐवजी स्वामींनी त्याला जवळ केलं. एका माघी पौर्णिमेला त्याने बोलून दाखवलं, लोक काशी-प्रयागाला जातात, मला ते कसं घडणार? तेव्हा त्यांनी त्याला आपल्या पादुका घट्ट धरायला सांगितलं आणि सकाळी प्रयाग, दुपारी काशी, संध्याकाळी गया असं दाखवून परत आणलं. मग सांगितलं, तुझं प्रयाग म्हणजे हा संगम, काशी म्हणजे जुगूळ, आणि गया म्हणजे करवीर, आपलं कोल्हापूर.

जुगूळ आता कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. करवीर महाराष्ट्रात. गंगानुजाच्या त्रिस्थळीमधून राज्याची हद्द जाते आणि कृष्णामाई दोन्हीकडच्या उसाला सारखंच पाणी देते. ज्याला गाव सोडणं परवडत नाही अशा माणसासाठी गावाभोवतीच भारत मांडून देणारी ही कथा मला फार मोलाची वाटते. तीर्थ लांब असतं म्हणून मोठं असतं, हा समज ती मोडते.

“पूर आला की काय करता?” मी नावाड्याला विचारलं.

“करायचं काय. देवाला वर न्यायचं, मग माणसास्नी, मग जनावरं.” त्याने वल्ह्याने झाडाकडे बोट केलं. “2019 ला ते झाड बुडत बुडत ऱ्हायलं बघा. नाव फांदीवरनं जात हुती.”

पावसाळ्यात कृष्णा वाढली की पंचगंगेला पुढे जायला वाट उरत नाही, तिला फुगवटा येतो आणि पाणी मागे पसरतं. वाडीला हे नवं नाही. पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या प्रवाहात स्नान करायला रात्री-अपरात्री माणसं धावतात. उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात नेतात आणि पूजा तिथे चालू राहते. पूर हे संकट असताना त्याला सोहळ्याची जागा देणारं हे गाव आहे. पण 2005, 2019 आणि 2021 चे महापूर सोहळ्याच्या पलीकडचे होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, जनावरं दगावली, उभा ऊस कुजला. धरणांतून सोडलेलं पाणी, नदीपात्रातली अडवणूक, अलमट्टी धरणाचा फुगवटा, एकाच आठवड्यात कोसळलेला पाऊस यांवर तेव्हापासून वाद चालू आहे. झाड मात्र पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेलं उभं असतं आणि त्याला पुन्हा पालवी फुटते.

हे झाड स्वामींच्या वेळचंच का, असं मी देवळाच्या आवारातल्या एका वृद्ध सेवेकरी काकांना विचारलं. ते म्हणाले, “लाकूड बदलत असेल. औदुंबर तोच आहे.”

त्यांचं उत्तर ऐकून मला अथेन्स आठवलं. तिथल्या अक्रोपोलिस टेकडीवर अथीना देवीने दिलेला ऑलिव्ह होता, नगराचं जीवनच त्यात आहे अशी श्रद्धा. इ. स. पू. 480 मध्ये झर्क्सीसच्या इराणी सैन्याने देऊळ जाळलं, त्यात तो वृक्षही जळाला. हेरोडोटसने लिहिलंय की दुसऱ्या दिवशी लोक वर गेले तेव्हा जळक्या बुंध्यातून हातभर लांबीचा धुमारा निघालेला होता. आज तिथे जो ऑलिव्ह उभा आहे तो विसाव्या शतकात लावलेला. तरी पाहणारा त्याला अथीनाचाच म्हणतो. आपल्याकडेही गाणगापूरची कथा अशीच आहे. नरहरी नावाच्या कुष्ठरोग्याला स्वामी औदुंबराचं एक वाळकं लाकूड देतात आणि संगमावर रोवून त्याला पाणी घाल म्हणतात. लोक हसतात. तो पाणी घालत राहतो. लाकडाला अंकुर फुटतात आणि त्याची काया शुद्ध होते. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह, कृष्णा-भीमेकाठी उंबर. दोन्ही झाडं लोकांना खायला घालणारी, आणि दोन्हींबद्दल लोकांनी हेच सांगून ठेवलं की ती मरत नाहीत. पोट भरणाऱ्या झाडाला माणूस मरू देत नाही, एवढा त्या गोष्टींचा अर्थ मला लागतो.

संध्याकाळी धुपारतीनंतर मंडपात करुणात्रिपदी सुरू झाली. टेंबेस्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची ही रचना. 1854 मध्ये सावंतवाडीजवळच्या माणगावात जन्मलेल्या या संन्याशाने सबंध दत्तसंप्रदायाला शिस्त दिली. दिवसभर उसात राबून आलेली माणसं, शहरातून गाड्या घेऊन आलेली कुटुंबं, कॉलेजची पोरं, सगळ्यांना ती पाठ होती. आजींच्या मुठीतले दाणे संपले होते आणि त्या डोळे मिटून म्हणत होत्या.

रात्री वाडीतच राहिले आणि सकाळी नदीकाठाने पंचगंगेच्या वरच्या अंगाला चालत गेले. घाट संपला तशी सावली संपली. काठाची दरड थेट उसाच्या सरीला भिडलेली. मध्ये उभं राहायलाही झाड नाही. दोन ठिकाणी दरड कोसळून ऊस मुळांसकट पाण्यात लोंबत होता. एका मळ्यात काम करणारे दादा म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या काळी या काठाला उंबर, करंज, वाळुंज यांची झाडी होती. वीस-पंचवीस वर्षांत एकेक करून गेली, कुणी मुद्दाम तोडली, काही पुराने नेली आणि पुन्हा कुणी लावली नाहीत. कोपऱ्यात एकच उंबर उरला होता, त्याच्या खाली शेंदूर फासलेला दगड. त्या दगडाने त्याला वाचवलं होतं. त्याच्या मुळांनी दरडीचा तेवढा तुकडा धरून ठेवला होता.

उंबर काठाची माती धरतो, पाखरांना बारमाही खाऊ घालतो, विहिरीला पाणी दाखवतो, तापलेल्या पोराला उतार देतो. हे सगळं ओळखून आपल्या पूर्वजांनी त्यात दत्त पाहिला, अन्नपूर्णा आणि जान्हवी पाहिल्या, आणि कुऱ्हाड लांब राहील अशी तजवीज केली. वाडीच्या औदुंबराला त्या गोष्टीने सहाशे वर्षं राखलं. तीच गोष्ट घरी पोथीत वाचणाऱ्या, पाराला प्रदक्षिणा घालणाऱ्या आपल्याकडून ती काठावरच्या बाकीच्या उंबरांना लावायची राहिली आहे. प्रयाग चिखलीपासून वाडीपर्यंत पंचगंगेच्या दोन्ही तीरांवर प्रत्येक गावाने उसाची एक सरी मागे घेऊन तिथे उंबर लावले, तर ती औदुंबराची खरी सेवा होईल, आणि पुढच्या पुरात तिचं फळ दिसेल.